आईंनी काय काय करणं सोडलंय, ते आधी मोजा

प्रश्न : मी नाशिकला सिडकोत राहते. माहेर निफाड तालुक्यात, मळ्यातल्या वस्तीवर. आई ६२ वर्षांची आहे. तिने आयुष्यात विडी, तंबाखू, मिसरी कशालाच हात लावला नाही. तरी कितीतरी वर्षं सकाळी उठली की बराच वेळ खोकते, पांढरा कफ पडतो आणि मग मोकळी होते. आता घरापासून बागेपर्यंत जाताना मध्ये थांबते. वर्षातून एकदा तरी सप्तशृंगगडावर जायची, तेही बंद झालं, 'गुडघे दुखतात' म्हणते. मागच्या थंडीत दोनदा फार वाढलं. गावातल्या डॉक्टरांनी सुया दिल्या, मग उतरलं. नाशिकला दाखवलं तर छातीचा फोटो काढला, 'फारसं काही नाही' म्हणाले, पण पंप लिहून दिला. आई पंपाला तयार नाही. 'एकदा लागला की सुटत नाही' असं तिच्या मनात पक्कं आहे. भाऊ (तो स्वतः विडी ओढतो) म्हणतो की वय झालं, एवढं चालायचंच. एक नातेवाईक दम्याच्या पुडीचं सुचवतात. हा दमा आहे का? टीबी तर नसेल? पंप द्यावा का?
— एक मुलगी, सिडको

उत्तर :

ताई, आधी भावाच्या बोलण्याचं. साठीनंतर माणूस थोडा सावकाश चालतो, हे खरं आहे. पण वय झालं म्हणून कुणाला वर्षानुवर्षं रोज सकाळी कफ पडत नाही आणि सपाट वाटेवर श्वासासाठी थांबावं लागत नाही. जुना खोकला, रोजचा कफ, हळूहळू वाढत गेलेला दम आणि थंडीत येणारे उठाव (म्हणजे त्रास एकदम वाढणं) या चार गोष्टी एकत्र दिसल्या की माझ्या मनात पहिलं नाव येतं ते सीओपीडीचं. म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होत जाण्याचा आजार. पत्रावरून निदान होत नाही, त्याला चाचणीच लागते. पण ही चाचणी व्हायला हवी आणि पुढच्या थंडीची वाट न बघता व्हायला हवी, एवढं मी पत्र वाचूनही खात्रीने सांगते.

'तिने कधी विडीला हात लावला नाही' हे तुम्ही मुद्दाम लिहिलंय. पण आईंनी चुलीपुढे किती वर्षं काढली, ते पत्रात नाही. वस्तीवरच्या घरात लग्न होऊन आलेल्या बाईची वीस-तीस वर्षं तरी चुलीपुढे जातात. गोवऱ्या, मक्याची बुरकुंडं, द्राक्षछाटणीच्या काड्या, पावसाळ्यात अर्धवट ओलं सरपण, आणि हे सगळं एका दाराच्या स्वयंपाकघरात. त्या धुरातले अतिबारीक कण छातीत अगदी खोलवर, बारीक नळ्यांपर्यंत जातात. तिथे सूज येते, कफ जास्त तयार होतो, नळ्यांच्या भिंती जाड होतात. मग आत घेतलेली हवा पूर्ण बाहेर पडत नाही. थोडी शिळी हवा आतच अडकून राहते, आणि पुढचा श्वास घ्यायला छातीत जागाच उरत नाही. 'श्वास पुरत नाही' असं या बायका म्हणतात, तेव्हा त्रासाचं मूळ श्वास सोडण्यात असतं.

२०१६ साली भारतात सीओपीडीचे सुमारे साडेपाच कोटी रुग्ण असल्याचा अंदाज होता. यातल्या फार मोठ्या संख्येने कधी विडी ओढलेली नाही. तरीही बाई दम लागतो म्हणून आली की 'विडी-सिगारेट नाही ना? मग सीओपीडी नसेल' असं धरून चालणारे आजही भेटतात, आणि याचा मला मनापासून राग येतो. चुलीच्या धुराने होणाऱ्या आजारात फुप्फुसाच्या पिशव्या फुटण्यापेक्षा बारीक नळ्या आकसण्याचा भाग जास्त असतो. छातीच्या फोटोत तो फारसा दिसत नाही. फोटो स्वच्छ आला म्हणजे छाती ठीक आहे, असा निष्कर्ष काढू नका. टीबी, न्यूमोनिया, गाठ, छातीतलं पाणी, हृदयाचा वाढलेला आकार हे बघायला फोटो हवाच. सीओपीडी ओळखायला तो पुरत नाही.

आता गुडघ्यांबद्दल. आईंचे गुडघे खरंच दुखत असतील. पण दम लागणारा माणूस 'मला दम लागतो' असं क्वचितच सांगतो. तो न बोलता एकेक काम सोडत जातो. आधी गड सुटतो, मग बाजार, मग लग्नकार्यं, मग पाण्याचा हंडा. एवढं सोडल्यावर बसल्या जागी दम लागत नाही, आणि डॉक्टरांनी 'दम लागतो का?' विचारलं की खरेपणाने 'नाही' असं उत्तर येतं. म्हणून तुम्ही असा प्रश्न विचारूच नका. पाच वर्षांपूर्वी आई काय काय करत होती आणि आज काय करत नाही, ते त्यांच्याजवळ बसून लिहून काढा. बरोबरीच्या बायकांसोबत चालताना त्या मागे पडतात का? सपाटीवर शंभरेक मीटर गेल्यावर थांबावं लागतं का? वेणी घालताना, धुणं वाळत घालताना, म्हणजे हात वर असताना, धाप लागते का? अंघोळीनंतर, लुगडं नेसताना मध्ये बसावं लागतं का? अंगावरचं कापड बदलतानाही दम लागत असेल, तर आजार बराच पुढे गेलेला असतो. हा कागद डॉक्टरांसमोर ठेवा. माझ्या अनुभवात पहिल्या भेटीत एवढी कामाची दुसरी माहिती मिळत नाही.

दमा की सीओपीडी? आपल्याकडे धाप लागणाऱ्या प्रत्येकाला दमेकरी म्हणतात, त्यामुळे गोंधळ होतो. दमा बहुतेक वेळा लहानपणी किंवा तरुणपणी सुरू होतो. घरात कुणाला तरी ॲलर्जी, शिंका, खाज असते. त्रास चढउताराचा असतो, आणि दोन उठावांच्या मधल्या दिवसांत माणूस अगदी ठणठणीत असतो. सीओपीडी चाळिशीनंतर हळूहळू वाढतो आणि पूर्ण मोकळे असे दिवस फारसे देत नाही. काहींना दोन्ही थोडंथोडं असतं. आईंना लहानपणी किंवा तरुणपणी असा काही त्रास होता का, हे मामा-मावशींना विचारून घ्या.

टीबीची शंका तुम्ही काढलीत ते बरं केलंत. दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलेल्या खोकल्यात बेडक्याची तपासणी करायचीच असते, आणि सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. वजन उतरणं, संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, कफात रक्त यांतलं काही असेल तर ही तपासणी सगळ्यात आधी. आईंना पूर्वी कधी टीबी होऊन गेला असेल तर तेही सांगा, कारण बऱ्या झालेल्या टीबीनंतरही श्वासनलिका अरुंद राहू शकतात. जोडीला हिमोग्लोबिन बघा आणि हृदयाची पट्टी (ईसीजी) काढा. या वयाच्या बायकांत रक्त कमी असल्यामुळेही दम लागतो, आणि ते दुरुस्त होणारं कारण आहे.

मुख्य चाचणी म्हणजे स्पायरोमेट्री, फुंकरीची चाचणी. सुई नाही, वेदना नाही. नाकाला चिमटा लावतात, छाती भरून श्वास घ्यायला लावतात आणि नळीत सगळा जोर लावून, हवा संपेपर्यंत फुंकायला सांगतात. हे निदान तीन वेळा. मग पंपाचं औषध देऊन पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा. एकूण बाहेर पडलेल्या हवेपैकी पहिल्या सेकंदात किती पडली, ते यंत्र मोजतं. औषध दिल्यानंतरही हे प्रमाण ०.७० पेक्षा कमी राहिलं, तर श्वासनलिका अरुंद आहेत हे सिद्ध होतं. पहिल्या सेकंदाचा आकडा त्यांच्या वय-उंचीच्या मानाने किती टक्के आहे, त्यावरून आजाराची पातळी ठरते. ५० टक्क्यांच्या खाली असेल तर आजार तीव्र समजतात.

नाशिकमध्ये ही चाचणी खाजगी छातीविकारतज्ज्ञांकडे होते, आणि आडगावच्या डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी श्वसनविकाराचा स्वतंत्र विभाग असतो. त्र्यंबक रोडवरच्या जिल्हा रुग्णालयातही आधी चौकशी करा. कोणत्या वारी आणि किती वाजता होते ते विचारूनच आईंना आणा, नाहीतर निफाडहून आलेली फेरी फुकट जाते आणि पुन्हा यायला त्या तयार होत नाहीत. जाताना पोटभर जेवण नको, कमरेला घट्ट बांधलेलं नको. नुकतंच मोतीबिंदूचं किंवा पोटाचं ऑपरेशन झालं असेल, हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, कफात रक्त येत असेल, तर तसं आधी सांगा. अशा वेळी ही चाचणी पुढे ढकलतात.

आता पंप. पंपाचं व्यसन लागत नाही. 'सुटत नाही' असं वाटतं, कारण आजार कायमचा आहे, आणि औषध थांबवलं की दबलेला त्रास पुन्हा वर येतो. बीपीची गोळी रोज घेणाऱ्याला आपण व्यसनी म्हणत नाही. पंपाचं औषध थेट नळ्यांत जातं म्हणून ते अगदी थोडं लागतं. त्याच औषधाची गोळी मिलिग्रॅममध्ये असते, पंपाची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये. म्हणजे पोटातून जाणाऱ्या औषधाच्या कितीतरी पट कमी, त्यामुळे हात थरथरणं, छाती धडधडणं हेही कमी. शेवटचा इलाज तर तो मुळीच नाही. या आजारात उपचाराची सुरुवातच पंपाने होते.

पंप दोन तऱ्हेचे असतात, हे आईंना नीट समजावून द्या. एक रोज, बरं वाटत असतानाही घ्यायचा. त्याने नळ्या बारा किंवा चोवीस तास मोकळ्या राहतात आणि उठाव कमी येतात. दुसरा दम लागेल तेव्हाचा, तात्पुरता. कुणी फक्त दुसराच वापरत राहतात, कुणी पहिला घेऊन 'लगेच फरक पडला नाही' म्हणून फडताळात टाकून देतात. डॉक्टरांनी कोणता लिहिलाय, ते चिठ्ठी दाखवून विचारा.

तंत्राबद्दल जरा जास्त लिहिते, कारण पंप चालत नाही असं सांगणाऱ्यांपैकी बहुतेकांची अडचण तिथेच असते. फवाऱ्याचा पंप असेल तर त्यासोबत स्पेसर, म्हणजे प्लॅस्टिकचा डबा, घ्याच. पंप हलवायचा, स्पेसरला लावायचा, श्वास पूर्ण सोडायचा, नळी ओठांत घट्ट धरायची, एकदा दाबायचं, आणि सावकाश, खोल श्वास ओढून दहा आकडे मोजेपर्यंत रोखायचा. दुसरा फवारा हवा असेल तर मिनिटभराने, पुन्हा हलवून. कॅप्सूलच्या भुकटीचं यंत्र असेल तर उलटं, तिथे श्वास जोरात आणि भरकन ओढावा लागतो. ती कॅप्सूल गिळायची नसते. हे सांगायची गरज नाही असं वाटेल, पण गिळणारे भेटतात आणि ती चूक त्यांची नसते, त्यांना कुणी दाखवलेलंच नसतं. पंपात स्टेरॉइड असेल तर नंतर गुळण्या करून थुंकायचं, म्हणजे तोंड येत नाही. स्पेसर साबणाच्या पाण्यात धुवून तसाच वाळू द्या. फडक्याने पुसला तर औषध त्याच्या भिंतीला चिकटतं. आणि प्रत्येक भेटीत आईंना डॉक्टरांसमोर पंप घेऊन दाखवायला सांगा. त्यांनी स्वतःहून मागितलं नाही तरी.

पुडीला माझा स्पष्ट विरोध आहे. ज्या पुडीवर आत काय आहे ते लिहिलेलं नसतं आणि जी घेतल्यावर दोन दिवसांत 'जादूसारखा' फरक पडतो, तिच्यात बऱ्याचदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. महिनोन्महिने ते पोटात गेलं की चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, आणि पुडी अचानक बंद केली तर जीवावर बेतू शकतं. मागच्या थंडीतल्या सुयांमध्येही स्टेरॉइड असण्याची शक्यता आहे. उठावात ते मोजक्या दिवसांसाठी देणं योग्यच असतं. पण वर्षात दोन उठाव येणं याचा अर्थ रोजचं औषध कमी पडतंय किंवा मुळात चालूच नाही. त्या वेळच्या चिठ्ठ्या शोधून ठेवा.

औषधाइतकंच महत्त्वाचं म्हणजे धूर थांबवणं. घरात गॅस असूनही अंघोळीचं पाणी बंबावर आणि भाकरी चुलीवर होत असेल, तर पंप काय करणार? नाशिककडे तर थंडीत पहाटे शेकोटी आलीच, निफाडला पारा किती उतरतो हे तुम्हाला मी सांगायला नको. भाकरी चुलीचीच चांगली लागते, हे मलाही मान्य आहे. पण या घरात आता चूल पेटायला नको. दुसऱ्या कुणी पेटवली तरी नको, कारण मग तीच छाती तुमच्या वहिनीच्या वाट्याला येईल. पाण्यासाठी सौर हीटर किंवा गॅस गीझर बघा. गॅस गीझर मात्र बंद न्हाणीघरात लावू नका. डासांच्या कॉइलऐवजी मच्छरदाणी लावा. २००३ सालच्या एका अभ्यासात एका कॉइलच्या धुरातले बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले होते, आणि ती कॉइल आपण रात्रभर उशाशी जाळतो. द्राक्षबागेत गंधकाची धुरळणी चालू असेल तेव्हा आणि त्यानंतर काही वेळ आईंनी बागेकडे जाऊ नये.

भावाला माझं एवढंच सांगणं आहे की विडी सोडल्यावर झालेली हानी भरून येत नाही, पण पुढची घसरण मंदावते, आणि हे कोणत्याही वयात खरं असतं. औषधांनी त्रास आटोक्यात राहतो. छातीची झीज मंदावण्यासाठी विडी सोडण्याइतकं परिणामकारक दुसरं काही नाही. १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडण्यासाठीची सरकारी मोफत दूरध्वनी सेवा आहे. रोज सकाळी त्यालाही कफ पडत असेल, तर फुंकरीची चाचणी आईंबरोबर त्याचीही करून घ्या.

आईंना घरात बसवून ठेवू नका. 'तू नको करूस, दम लागेल' हे आपण मायेने म्हणतो, पण बसून पायांचे स्नायू झिजतात आणि झिजलेल्या स्नायूंना त्याच कामासाठी जास्त श्वास लागतो. औषध सुरू झालं की रोज सपाटीवर चालणं सुरू करा, थोडं बोलता येईल इतक्याच वेगाने. दम लागला की थांबायचं, आणि बरं वाटलं की पुन्हा चालायचं. नाकाने दोन आकडे मोजत श्वास घ्यायचा आणि ओठांचा चंबू करून चार आकडे मोजत सोडायचा. समोर निरांजन आहे, ज्योत हलली पाहिजे पण विझता कामा नये, अशी फुंकर. त्याने अडकलेली हवा बाहेर पडायला वेळ मिळतो. ओझं उचलताना श्वास सोडत उचलायचं. वेणी, भाजी निवडणं, घड्या घालणं ही कामं खुर्चीवर बसून, कोपरं टेकवून करायची. भरपेट जेवलं की दम वाढतो, म्हणून थोडं थोडं, चार-पाच वेळा जेवण, आणि त्यात डाळी, अंडी, दूध, शेंगदाणे असू द्या. फ्लूची दरवर्षीची लस आणि न्यूमोनियाची लस याबद्दल डॉक्टरांना विचारा. थंडीच्या आधी घेतल्या तर उत्तम.

कोरोनाच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर घरात असेल तर तो बाहेर काढा. आई बऱ्या असतानाचा ऑक्सिजनचा आकडा चार-पाच वेळा बघून लिहून ठेवा, म्हणजे पुढे तुलना करता येईल. बोटं गार असली किंवा नखांवर मेंदी असली तर तो चुकीचं दाखवतो, हात चोळून मग लावा. बऱ्या असतानाही आकडा ८८ किंवा त्याखाली राहत असेल, तर घरी ऑक्सिजन लागेल का हे डॉक्टर तपासून ठरवतील. लागलाच तर तो दिवसातून किमान १५ तास घ्यावा लागतो, आणि त्या खोलीत ना चूल, ना निरांजन, ना विडी. स्वतःच्या मनाने ऑक्सिजन वाढवायचा नाही. या आजारात जास्त ऑक्सिजननेही गुंगी येऊ शकते, म्हणून आकडा ८८ ते ९२ च्या दरम्यान ठेवतात.

उठाव ओळखायला शिका. नेहमीपेक्षा दम जास्त, कफ जास्त, कफाचा रंग पिवळा किंवा हिरवा, यांतल्या दोन गोष्टी दिसल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, 'उद्या बघू' नको. आणि बसल्या जागी धाप, एक वाक्य पूर्ण बोलता न येणं, ओठ किंवा नखं निळसर, गुंगी, असंबद्ध बोलणं, तात्पुरता पंप घेऊनही काहीच उतार नाही, असं झालं तर सरळ १०८ ला फोन करा. वस्तीवरून मुख्य रस्त्यापर्यंत गाडी कशी येईल, हे थंडीच्या आधीच ठरवून ठेवा. रात्री दोन वाजता ते सुचत नाही.

पहिल्या भेटीला जाताना तो लिहिलेला कागद, मागच्या थंडीच्या चिठ्ठ्या, छातीचा फोटो, लिहून दिलेला पंप आणि चालू असतील त्या सगळ्या गोळ्या (आणली असेल तर ती पुडीही) एका पिशवीत घ्या. चाचणीचा अहवाल आला की त्यातले दोन आकडे, पहिल्या सेकंदाची टक्केवारी आणि ते ०.७० वालं प्रमाण, मला कळवा. पुढचं त्यावरून बोलू.